कोठ्यातलं जनावर आणि मनाचा इलाज

मन खचलेल्या माणसाला जनावराजवळ बरं वाटतं, हे विदर्भातल्या खेड्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणणाऱ्या माणसांना ते आपसूक ठाऊक असतं. पटवून द्यावी लागते ती पुढची गोष्ट. जनावराचा आधार खरा असतो, पण तो इलाजाच्या जोडीनं चालतो. इलाज सोडून नुसत्या त्या आधारावर राहणाऱ्या माणसाचं काय होतं, हे आपल्या भागात अनेक घरांनी सोसलं आहे.

'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल' म्हणजे भावनिक आधार देणारा प्राणी, ही कल्पना सध्या मोबाइलवरच्या व्हिडिओंतून गावोगाव पोचते आहे. ती मुळात अमेरिकेतली. तिथं तीन प्रकारचे प्राणी वेगवेगळे मोजतात आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते, म्हणून आधी ते समजून घेऊ.

पहिला प्रकार सेवा देणाऱ्या कुत्र्याचा. त्याला ठरावीक काम शिकवलेलं असतं. अंध माणसाला रस्ता दाखवणं, किंवा युद्धावरून परतलेल्या सैनिकाला रात्री भयानक स्वप्न पडलं तर त्याला जागं करणं. असा कुत्रा मालकासोबत दुकानात, दवाखान्यात, लोकांच्या वावराच्या बहुतेक ठिकाणी जाऊ शकतो, कारण तिथला कायदा तशी मुभा देतो. दुसरा प्रकार म्हणजे आपल्या सांभाळकर्त्याबरोबर दवाखान्यात, वृद्धाश्रमात, शाळेत भेटीला जाणारा प्राणी. तो रुग्णाचा नसतो. येतो, तासभर थांबतो, जातो. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा. याला काहीही शिकवलेलं नसतं. त्याचं असणं हेच त्याचं काम. मानसिक आजारावर उपचार करणारा तज्ज्ञ लेखी देतो की या माणसाला अमुक त्रास आहे आणि या प्राण्याच्या सोबतीनं तो कमी होतो. त्या पत्राच्या जोरावर अमेरिकेत घरमालकाला 'आमच्याकडे प्राणी चालत नाहीत' असं म्हणून भाडेकरूला नाकारणं अवघड जातं. पूर्वी विमानातही असे प्राणी मालकाजवळ बसवता येत. पण लोक काहीही घेऊन चढू लागले, तेव्हा नियम बदलला आणि २०२१ पासून तिथल्या विमान कंपन्यांवर ते बंधन राहिलं नाही.

भारतात असा कायदा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आहे. पण आधार देणाऱ्या प्राण्याला खास हक्क देणारं कलम त्यांत कुठंच नाही. म्हणून इंटरनेटवर पैसे भरून 'सपोर्ट अ‍ॅनिमल'चं प्रमाणपत्र आणि गळ्यात घालायचा पट्टा मागवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. त्या कागदानं ना एसटीत जागा मिळते, ना दवाखान्यात.

आणि खरं तर गावात त्या कागदाची गरजच कुठं आहे? शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला प्राणी मिळवण्यासाठी झगडावं लागतं. आपल्याकडे प्राणी आधीच कोठ्यात बांधलेला असतो. दोन बैल, एखादी गवळाऊ गाय, चार शेळ्या, अंगणात कोंबड्या, उंबऱ्याशी मोती नावाचा कुत्रा. आपल्याकडे कमी आहे तो इलाज. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात शंभरातल्या १० ते ११ प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत मागत होते. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यावर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आजार तोच, माणसं तीच. कुणीतरी दारात येऊन विचारलं, एवढाच फरक. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण 'आमचे लोक मनाच्या आजारासाठी दवाखान्यात येतच नाहीत' हे वाक्य तो खोटं पाडतो.

आता जनावर नेमकं काय करतं ते पाहू. त्यासाठी आधी नैराश्य माणसाचं काय करतं ते समजायला हवं.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं; सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष यांची घडी विस्कटणं; आपण नालायक आहोत असं वाटणं; मरणाचे विचार येणं. याला डॉक्टर नैराश्याचा आजार म्हणतात. सोयाबीन पावसानं सडलं म्हणून आठ दिवस कुणाशी बोलावंसं न वाटणं हे दुःख आहे, ते साहजिक आहे. पण महिना उलटला, शेजाऱ्याचा हरभरा पेरून झाला आणि हा माणूस अजून बाजेवरून उठत नाही, तर ते आता नुसतं दुःख उरलेलं नाही. या आजारात माणूस काम सोडतो. काम सोडलं की दिवसात बरं वाटण्याजोगं काही घडत नाही. काही घडत नाही म्हणून मन आणखी खाली जातं, आणि मग उरलेली कामंही सुटतात. या फेऱ्यात अडकलेल्याला 'मन घट्ट कर' म्हणून काही होत नाही, कारण मन हीच तर आजारी जागा आहे.

हा फेरा तोडायची समुपदेशनात एक साधी पद्धत आहे. मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता आधी हात-पाय हलवायचे. रोजच्या दिवसात छोटी, जमतील अशी, ठरलेल्या वेळेची कामं पुन्हा बसवायची, आणि ती केल्यावर कसं वाटलं हे समुपदेशकाशी बोलायचं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच पद्धतीवर मोठा अभ्यास झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते, आणि सहा ते आठ बैठकांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही फायदा झाला.

कोठ्याकडे या नजरेनं बघा. पहाटे शेणपुंजा, मग गव्हाणीत कुटार, भिजवलेली सरकीची ढेप, पाणी दाखवणं, दूध काढणं, संध्याकाळी पुन्हा तेच. एकेक काम दहा-वीस मिनिटांचं. सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसणारा. शेण उचललं की जागा स्वच्छ झालेली दिसते. शेतातल्या कामाचं फळ सहा महिन्यांनी मिळतं आणि त्यावर पाऊस, बोंडअळी, बाजारभाव सगळ्यांचा हक्क. कोठ्यातल्या कामाचं फळ गाय पाणी प्यायली की तिथंच मिळतं. शिवाय हे काम पुढं ढकलता येत नाही. डवरणी चार दिवसांनी केली तरी चालते, पण तहानलेलं जनावर हंबरून उठवतं. समुपदेशक ज्याला 'दिवसाची घडी' म्हणतो, ती जनावर आयती घालून देतं.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना हातानं गोंजारल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं रसायन, कमी झालेलं आढळलं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. तान्ह्या बाळाच्या आणि आईच्या नात्यात काम करणारं हेच ते रसायन. गाईच्या बाबतीतही व्हिएन्नातल्या पशुवैद्यकांनी पाहिलं आहे की गळ्याखाली हात फिरवला की ती मान लांब करते, कान सैल सोडते. आपल्याकडे हे कुणीही गुराखी सांगेल. सांगायचं एवढंच की या सुखाला शरीरात आधार आहे, ते नुसते मनाचे खेळ नाहीत. मात्र दहा मिनिटांत उतरलेला ताण हा त्या दहा मिनिटांचा असतो. त्यावरून आजार बरा झाला असा अर्थ काढता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. नापिकीच्या वर्षी गावात चालणं म्हणजे प्रश्नांतून चालणं असतं. सोसायटीचं भरलं का, पोरीचं कुठं जमलं का, कापूस विकला का ठेवला. विचारणारा वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक प्रश्न टोचतो आणि तो घराबाहेर पडणं सोडतो. बैल असलं काही विचारत नाही. त्याच्या लेखी सातबाऱ्यावरचा बोजा नसतोच. काल ज्या हातानं कुटार टाकलं त्या हाताकडे तो आजही तोंड करतो. 'माझ्यावाचून कुणाचं अडत नाही' असा विचार मनात घर करून बसलेल्या माणसासाठी हे फार मोठं असतं, कारण इथं खरोखर अडतं.

शेतावरच्या जनावरांचा असा उपयोग परदेशात मुद्दाम करून पाहिला गेला आहे. नॉर्वेत मानसिक आजाराच्या ९० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गाई-गुरांच्या शेतावर कामाला नेलं, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. सहा महिन्यांनी पाहिलं तर शेतावर गेलेल्यांचा 'मला हे जमेल' हा आत्मविश्वास वाढलेला होता. यात एक बारकावा आहे. शेतावर जाणाऱ्यांचेही औषध-उपचार चालूच होते. गुरांचं काम त्यात भर म्हणून घातलं होतं.

हाच बारकावा या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधीच आला. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा नेमका खोलीत होता. मुलगा तज्ज्ञाशी बोलेना, कुत्र्याशी मात्र रमला. त्यावरून लेव्हिन्सन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उपचारात कुत्र्याची मदत घेण्याचा विचार मांडला. कुत्र्यानं त्या मुलासाठी दार उघडलं, पण आत उपचार करायला लेव्हिन्सन बसलेले होते.

संशोधनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्राणी पाळणाऱ्यांना नैराश्य कमी होतं का, यावर झालेले अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काहींत फायदा दिसतो, काहींत काहीच फरक दिसत नाही. म्हणजे प्राणी हे नैराश्याचं औषध आहे असं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तो बरं होण्याच्या वाटेवरची सोबत आहे, आणि ती सोबत कुणाला किती लाभते हे त्या माणसावर, त्या जनावरावर आणि त्यांच्या नात्यावर ठरतं.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पंचेचाळिशीचे एक भाऊ आहेत. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, बोलणं बंद. आशाताईंच्या सांगण्यावरून घरचे त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी भाऊ म्हणतात, "गाईजवय बसलो का मले बरं वाटते. मंग गोयी कायले?" घरच्यांनाही ते पटतं, कारण मनाची गोळी म्हणजे नशेची, एकदा लागली की सुटत नाही, असं सगळ्यांनीच ऐकलेलं असतं.

इथं समजून घेण्यासारखं बरंच आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या नशा आणत नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते हे खरं, म्हणून त्या डॉक्टर मोजक्या दिवसांपुरत्या देतात. पण या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. म्हणजे पहिले काही आठवडे असे जातात की त्रास आहे आणि फायदा दिसत नाही. बरेच लोक गोळी सोडतात ते इथंच. आणि गाईचा खरा उपयोग होतो तोही इथंच. गोळी काम करू लागेपर्यंतचे रिकामे, जड दिवस ती ओढून नेते. गुण आल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवावी लागते. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करणं म्हणजे बोंडं भरायच्या वेळी ओलित तोडणं. बंद करायची तेव्हा डॉक्टरच हळूहळू मात्रा उतरवत नेतात.

घरच्यांनी काय करावं? 'कामाला लागा, आपोआप ठीक होईल' असं म्हणून सगळा कोठा त्यांच्या अंगावर टाकू नये. पहिल्या आठवड्यात एकच काम, तेही सोबतीनं. बायको म्हणू शकते, "सोनीले पाणी दाखवून देता का? माहे हात पिठात हायेत. तुमच्याच हातचं पेते ते." जमलं तर ठीक, नाही जमलं तर त्यावर चर्चा नको. चार दिवस जमलं की दुसरं काम जोडायचं. गोळीची वेळ संध्याकाळच्या दूध काढण्याला बांधून टाकली तर विसर पडत नाही. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सगळं सांगायचं: आता किती कामं स्वतःहून करतात, कोणतं टाळतात, जनावरावर चिडतात का. आपल्याला ही घरगुती बाब वाटते, पण डॉक्टरला यातून रुग्ण किती सुधारला ते कळतं. आधी बैलाला स्वतःच्या हातानं चारणारा माणूस अचानक त्याच्याकडे बघेनासा झाला किंवा काठीनं मारू लागला, तर आजार वाढतो आहे असं समजून तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. त्यानं आपली लाडकी जनावरं वाटून टाकायला सुरुवात केली, 'माझ्यामागं यांना सांभाळा' अशी भाषा केली, तर त्याच दिवशी, एकटं न सोडता, डॉक्टरकडे न्यावं.

जनावराचं हित यात विसरून चालणार नाही. आजारी माणसाच्या भरवशावर सोडलेलं जनावर उपाशी राहिलं, तर त्याचे हाल होतात आणि माणसाच्या मनावर अपराधाचा आणखी एक दगड पडतो. म्हणून घरात दुसरं कुणीतरी असं ठरलेलं हवं, की ज्यानं मुकाट्यानं कोठ्यात एक चक्कर मारायची.

आणि कोठ्यातलीच एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. गोचिडाचं औषध, फवारणीच्या बाटल्या, उरलेलं कीटकनाशक बऱ्याच घरांत कोठ्याच्या फळीवरच असतं. घरात कुणी मनानं आजारी असेल तर हे सगळं कुलपात जायला हवं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. मरणाचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळेत हाताशी काही नसणं, एवढ्यानं जीव वाचतात. जगभरातल्या अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनाही कीटकनाशकं सहज हाती लागू न देण्यावर भर देते.

आता एक कडू बाब. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेला माणूस घरात असला, की कित्येक घरांत त्याला ढोरांमागं लावून देतात. "ढोरं चारते, कोणाले तरास नाही देत" असं म्हणून वर्षानुवर्षं निघून जातात. त्याला कानात आवाज येत असतात, तो स्वतःशी बोलत असतो, अंगावरचे कपडे मळतात, आणि घरच्यांना वाटतं की तो रमला आहे. तो रमलेला नसतो, नजरेआड झालेला असतो. या आजारावर औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका माणूस पुन्हा माणसांत येतो. औषधं चालू असताना शेळ्या राखायला जाणं चांगलं. औषधाऐवजी पाठवणं हा अन्याय आहे, मग घरच्यांची परिस्थिती कशीही असो.

शेळ्यांमागं जाणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी उन्हाची काळजी विशेष घ्यावी. अकोला, चंद्रपूरकडचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. मानसिक आजारावरच्या काही औषधांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो अशा आजारात लिथियम देतात. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषध वाढून विषासारखं बाधू शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना. उन्हाळ्यात ढोरं कोणत्या वेळी न्यायची, पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि ताडोब्याच्या किंवा गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत, गोळीनं सुस्ती येणाऱ्या माणसाला एकट्याला ढोरांमागं पाठवू नये. तिथं वाघाची भीती खरी आहे.

बायकांच्या बाबतीत शेळीचं महत्त्व वेगळं आहे. बैल पुरुषाचा, शेळी बाईची, असं आपल्याकडे चालतं. नवरा गेलेल्या बाईला शेळी अडीनडीला विकता येणारा पैसाही असते आणि घराबाहेर पडण्याचं कारणही. बांधावर चार बायका शेळ्या राखताना जे बोलतात, ते त्यांना घरात बोलता येत नाही. आशाताईंनी अशा ठिकाणी जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं. 'तुम्हाला नैराश्य आहे का' असं कुणी विचारलं तर बाई नाही म्हणेल. 'झोप येते का, जेवण जाते का' असं बांधावर विचारलं तर ती सांगेल.

मग ज्याच्याकडे जनावर नाही त्यानं आणावं का? माझं उत्तर आहे: आजार बरा करायला म्हणून, कर्ज काढून, कधीच नाही. याचा धडा विदर्भानं एकदा घेतलेला आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या ३,७५० कोटींच्या मदतीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी संकरित दुधाळ गाई देण्याचीही योजना होती. ज्या घरात चारा-पाणी नव्हतं, तिथं ती गाय घरच्या माणसांच्या आधी खाऊ लागली. आधार व्हायला आलेलं जनावर ओझं झालं. मन आजारी असताना तर हे ओझं दुप्पट लागतं. शेजारच्याची वासरं पाण्यावर नेणं, भावाच्या कोठ्यात तासभर हात लावणं, दारातल्या गावठी कुत्र्याला रोज भाकरीचा तुकडा घालणं, यातही तेच मिळतं. कुत्रा असेल तर त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. तो चावला, नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि माणसाच्या लसीचे सगळे डोस पुरे करावेत. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं उचलू नये, त्यातून ब्रुसेलोसिससारखा आजार माणसाला होतो. जनावरावर माया करायची तर एवढी काळजी घ्यावीच लागते.

जनावर जातं तेव्हाचं दुःख हा वेगळाच भाग आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा विदर्भात कितीतरी कोठे रिकामे झाले. सरकारनं भरपाई दिली, ती हवीच होती. पण डोळ्यांदेखत अंगभर गाठी येऊन गेलेल्या बैलासाठी रडणाऱ्या माणसाला 'ढोरच तर होतं' म्हणणं चूक आहे. आधीच नैराश्याच्या उपचारावर असलेल्या माणसाच्या घरी जनावर मेलं किंवा विकावं लागलं, तर पुढचे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांना कळवावं. दवाखान्याच्या खर्चासाठी बैलजोडी बाजारात नेण्याची वेळ येते तेव्हा तर आधी दोनदा चौकशी करावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्यानं प्रत्येकाला दिलेला हक्क आहे. ज्या सोबतीवर माणूस तग धरून आहे तीच विकून त्याचा इलाज करावा लागू नये.

इलाजाची सुरुवात गावातूनच होते. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही हे विभाग आहेत, आणि नागपूरला १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरातून निघणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री, फुकट, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा जाताना सोबत घरचं एक माणूस, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि थोडीशी ही माहिती न्यावी: झोप किती, जेवण किती, कामं कोणती सुटली, मरणाचे विचार येतात का, घरी जनावरं कोणती आहेत आणि त्यांतलं कोणतं हा माणूस अजूनही स्वतःहून बघतो. शेवटचा प्रश्न डॉक्टर कदाचित विचारणार नाहीत. आपण होऊन सांगावं, म्हणजे पहिलं काम कुठून सुरू करायचं ते त्यांनाही ठरवता येईल.